पगार हवाच, पण त्या अर्ध्या तासाचं काय?

मुलांच्या पॅलिएटिव्ह वॉर्डात, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात दुखणं कमी करणाऱ्या वॉर्डात, नर्स का टिकत नाहीत, पगार वाढवला की टिकतील का, असा प्रश्न आहे. त्यावर एकांनी लिहिलंय की या नर्स मृत्यू बघून बघून थकतात आणि सोडून जातात. अर्धंच खरं आहे. मुलं जाणार हे ठाऊक असूनच त्या या कामाला आलेल्या असतात. पोखरतं ते वेगळंच. मूल कळवळतंय, मॉर्फिन (तीव्र दुखण्यावरचं औषध) वाढवायला हवं हे नर्सला दिसतंय, पण डॉक्टर फोन उचलत नाहीत, नाहीतर घरचे 'सवय लागेल' म्हणून अडून बसतात. योग्य काय ते कळतं, करता येत नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सिंगबद्दल लिहितानाच याला 'नैतिक क्लेश' म्हटलं. त्यावर ताणमुक्तीचं शिबिर काय कामाचं? दुखणं अचानक वाढलं तर द्यायच्या डोसची लेखी ऑर्डर आधीच फाइलला असली आणि रात्री फोन उचलणारं कुणी वरिष्ठ असलं, की निम्मं ओझं उतरतं.

दुसरं, मूल गेल्यानंतरचा अर्धा तास. नर्स अंग पुसते, आईला हवी असेल तर केसांची बट कापून देते, तळहाताचा ठसा कागदावर घेते. बोटांची शाई धुऊन होत नाही तोच शेजारच्या खाटेच्या औषधाच्या पंपाचा अलार्म वाजतो. (वाजतोच, नेमका तेव्हाच.) आमच्या इन्चार्ज सिस्टर अशा वेळी त्या नर्सचे बाकीचे पेशंट न सांगता स्वतःकडे घ्यायच्या. त्या रिटायर झाल्या आणि वर्षभरात आम्ही तिघी बाहेर पडलो. पगार तोच होता.