मानेची फुगलेली शीर म्हणजे नेमकी कोणती? कागदावर जेव्हीपी रेज्ड लिहिलंय

कपाशीवाला_दारव्हा:
नमस्कार मंडळी. बाबांचे पाय दिवाळीपासून सुजून रायले, धुऱ्यापर्यंत गेले तरी दम लागते. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तं डॉक्टरनं पलंगावर अर्धवट बसवलं, मान डावीकडे वळवाले लावली अन् टॉर्च मारून बराच वेळ नुसती मान पाहली. कागदावर 'जेव्हीपी रेज्ड' लिहून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कराले यवतमाळले पाठवलं. घरी मोठी आई म्हणते मानेची शीर चढली, बाजूच्या गावात शीर उतरवणारा आहे, तेल लावून चोळून आणा. नेटवर पाहलं तं कोणी कंठशिरा म्हणते, कोणी ग्रीवा शिरा, कोणी मन्या. ही शीर नेमकी कोणती अन् चोळून काही फरक पडते का? लवकर सांगा, मोठे बाबा उद्यासाठी गाडी सांगून बसले.

उपकेंद्रातली_ताई:
भाऊ, मान बिलकुल चोळू देऊ नका. आपण शीर हा शब्द सगळ्यालेच लावतो, मान अखडली तरी शीर चढली, हाताले मुंग्या आल्या तरी शीर दबली, अन् रक्ताची नळी तेही शीरच. बाबांच्या कागदावर जेव्हीपी आहे, त्यातला जे म्हणजे जुगुलर, डोक्यातलं रक्त हृदयाकडे परत आणणारी मोठी शीर, दोन्ही बाजूले एक बाहेरची अन् एक आतली. बाहेरची कातडीखाली दिसते, जबड्याच्या कोपऱ्यापासून खाली तिरपी जाते. आतली खोल असते, डॉक्टर उजव्या बाजूची पाहतात कारण ती हृदयाच्या उजव्या कप्प्याकडे जवळपास सरळ उतरते, म्हणून आतलं प्रेशर मानेत वाचता येते. माणसाले ४५ अंशात टेकवायचं अन् छातीच्या हाडावरच्या उंचवट्यापासून शिरेतली लहर किती वर दिसते ते उभं मोजायचं, ३-४ सेंटीमीटरच्या वर गेली तं वाढली म्हणतात. जेव्हीपीतला पी म्हणजे प्रेशर. हृदय रक्त पुढे ढकलाले कमी पडलं की ते मागं तुंबते, वर मानेत दिसते अन् खाली पायावर सूज येते. हृदयाभोवती पाणी झालं तरी असं होते, म्हणूनच इको सांगितला. अन् चोळण्याचं म्हणाल तं त्याच शिरेला लागून मेंदूकडे जाणारी कॅरोटिड असते, ती दाबल्यानं ठोके एकदम कमी होऊन माणूस चक्कर येऊन पडू शकते, वयस्कर माणसाच्या त्या नळीत चरबी साचली असली तं तुकडा सुटून लकवा होऊ शकते.

ढोरांचा_दवाखाना:
ताईनं बरोबर सांगितलं. गाईबैलात ही शीर आमच्या रोज हाताखाली असते. मानेच्या खाचेत खाली अंगठा दाबला की वरची शीर भरून येते, तिथूनच रक्त काढतो, व्याल्यावर बसलेल्या गाईले कॅल्शियमही बहुतेक तिथूनच देतो, अंगठा सोडला की शीर बसून जाते. पण कुटारासोबत तार-खिळा गिळलेल्या गाईत, तार पोटातून हृदयाच्या पडद्यापर्यंत गेली तं अंगठा न दाबताच दोन्ही शिरा दोरासारख्या ताठ उभ्या राहतात, मानेखालच्या पोळीले अन् छातीपुढे पाणी उतरते. तेव्हा मानेले तेल लावून काय होणार, बिघाड खाली छातीत आहे!

गुरुजी_मेहकर:
शब्दांबद्दल थोडं. सुश्रुतानं कंठनाडीच्या दोन्ही बाजूला मिळून चार धमन्या सांगितल्यात, दोन नीला दोन मन्या, तिथं मार बसला तर आवाज जातो किंवा बदलतो, चव कळत नाही. मानेच्या अखडण्यालाही आयुर्वेदात मन्यास्तंभ म्हणतात, त्यामुळे आजच्या जुगुलरला थेट मन्या म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कंठशिरा किंवा ग्रीवा शिरा चालेल. जुगुलर लॅटिन जुगुलममधून आला, म्हणजे गळा, अन् त्याच्या मुळाशी जुगम म्हणजे जू. आपलं बैलाच्या मानेवरचं जू संस्कृत युगपासून आलं, दोन्ही शब्द एकाच कुळातले. उर्दूत शहरग म्हणतात, पाकिस्तानवाले काश्मीरबद्दल नेहमी वापरतात तोच शब्द. आपल्याकडे 'गळ्याच्या शिरा ताणून भांडला' म्हणतात ते अगदी खरं आहे, ओरडताना छातीतलं प्रेशर वाढून बाहेरची शीर फुगतेच. नरडीचा घोट घेणे यातली नरडी मात्र गळ्याची नळी, शीर नाही.

कपाशीवाला_दारव्हा:
सगळ्यांचे आभार. मोठ्या आईले पूर्ण वाचून दाखवलं, ढोरांच्या डॉक्टरचं तिले लगेच पटलं, आपली एक गाय अशीच गेली होती. गाडी तीच ठेवली, उद्या यवतमाळलेच जातो. ताई, इकोले उपाशी न्या लागते का?

उपकेंद्रातली_ताई:
छातीवरून करायच्या साध्या इकोले उपाशी लागत नाही. चालू गोळ्या अन् तो कागद सोबत ठेवा, जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड अन् आधार न्या. रात्री सपाट झोपल्यावर दम लागते का, किती उशा घ्याव्या लागते, ते आजच बाबांना विचारून ठेवा, तिथं हे विचारतातच. अन् रात्रीत दम वाढला तं सकाळची वाट पाहू नका, १०८ ले फोन करा.