'जलद्वेषी' की 'जलविरागी'?

प्रश्न : मराठी विज्ञानलेखांत 'जलद्वेषी' (हायड्रोफोबिक, म्हणजे तेलासारखा पाण्याशी न जमणारा) हा शब्द भेटतो. आम्ही इंदुरात हिंदीतून शिकलो, तिथे त्यालाच 'जलविरागी' म्हणायचे. अर्थ एकच की छटा वेगळी? आणि तेल पाण्यात 'विरघळत नाही' म्हणावं की 'मिसळत नाही'?

उत्तर : दुसरं आधी. साखर विरघळते, स्पिरिट मिसळतं. दोन्ही द्रव असले की 'मिसळणे'च बरं. (बर्फ मात्र वितळतो. घरात कुणी 'विरघळला' म्हणालं तर वाद घालू नये.)

आता द्वेषाचं. पाण्याचा रेणू सरळ नाही, १०४.५ अंशांत वाकलेला आहे. त्यामुळे ऑक्सिजनकडे किंचित ऋण आणि हायड्रोजनांकडे किंचित धन भार राहतो, आणि हे रेणू एकमेकांना घट्ट धरून बसतात. साखरेच्या रेणूवर ८ हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) आहेत, म्हणजे पाण्याला धरायला जागाच जागा. तेलाच्या लांबलचक कार्बन साखळीवर तसं काही नाही. पाणी आपली माणसं सोडत नाही, तेल बाहेर राहतं. यात राग कुणाचाच नाही. 'विरागी' मला जास्त पटतो.

दुसरं उत्तर : काका, 'विरागी'सुद्धा अर्धाच खरा. तेल-पाण्यात थोडं आकर्षण असतंच, ते पाण्याच्या आपसातल्या ओढीपुढे कमी पडतं इतकंच. शिवाय अख्ख्या पदार्थाला एक विशेषण लावणंच चुकतं. इथेनॉल पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतं. ४ कार्बनांची सरळ साखळी असलेलं ब्युटेनॉल लिटरभर पाण्यात जेमतेम ७०-८० ग्रॅम. पण तेच अणू गोळा करून आटोपशीर बांधले, म्हणजे टर्शरी ब्युटेनॉल, की ते पुन्हा हवं तेवढं मिसळतं! सूत्र तेच, घडण वेगळी.

प्रश्नकर्ती : मग इंदुरात रंगपंचमीच्या मिरवणुकीत, म्हणजे गेरीत, कुणी तोंडाला चंदेरी ऑइल पेंट फासला की नळाखाली कितीही रगडा, जात नाही, खोबरेल लावलं की सुटतो, तो हाच प्रकार?

उत्तर : हाच. तेलकट रंगाला तेलच उचलतं. वरून साबण लावा ताई, त्याच्या रेणूचं एक टोक जलस्नेही, दुसरं 'विरागी'. म्हणून म्हणतो, विशेषण टोकाला लावा, पदार्थाला नको. शब्द कोणता ते मग लेख कुठे छापायचाय त्यावर : पुण्याला पाठवणार असाल तर 'जलद्वेषी' ठेवा, तिकडे 'विरागी' म्हटलं की लोक गोसावी शोधतील.