मदत हवी आहे : वकिली, स्थापत्य, वनस्पतिशास्त्र आणि संस्कृत अशा चार विषयांच्या घरगुती ग्रंथसंग्रहाचे काय करावे?

नमस्कार.

साताऱ्यातील आमचे वडिलोपार्जित घर येत्या फाल्गुनापर्यंत रिकामे करून द्यायचे आहे. भांडी, लाकूडसामान आणि देवघर यांची वाटणी घरच्यांनी दोन बैठकींत उरकली, पण माळ्यावरच्या आणि दोन खोल्यांमधल्या पुस्तकांपाशी आम्ही सगळेच अडलो आहोत. मोजणीत सुमारे एकवीसशे पुस्तके भरली. पणजोबा संस्कृतचे अध्यापक होते, आजोबा दिवाणी वकील, वडील पाटबंधारे खात्यात अभियंता, आणि आत्याने महाविद्यालयात तीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले. मी स्वतः आयुष्यभर बँकेत हिशेब पाहिले, त्यामुळे या चारही विषयांत कोणते पुस्तक आजही कामाचे आहे आणि कोणते नाही हे ठरवण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

‘सगळी एखाद्या ग्रंथालयाला देऊन टाका’ असा सल्ला पहिल्याच दिवशी मिळाला. तसे एकदा केले होते. सहा वर्षांपूर्वी वडिलांनी आपल्या विषयाची आठ खोकी एका संस्थेला दिली, आणि पुढे दोन वर्षांनी त्यांतलीच काही पुस्तके, आत वडिलांची सही आणि शेजारी त्या संस्थेचा शिक्का अशा स्थितीत, रद्दीच्या दुकानात माझ्या हाती लागली. जागा नसेल तर संस्था तरी काय करणार, हे मला समजते. परंतु वडिलांना ते सांगण्याचे धैर्य मला शेवटपर्यंत झाले नाही. या वेळी प्रत्येक पुस्तक ते वापरणाऱ्या माणसाकडे किंवा ते मागणाऱ्या संस्थेकडेच जावे, एवढीच माझी इच्छा आहे. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ असे एक सूत्र आहे. मला नेमकी त्याचीच मदत हवी आहे.

पहिला प्रश्न वडिलांच्या कपाटाचा आहे, आणि तोच मला सर्वांत अवघड वाटतो. त्यात पाठ्यपुस्तके थोडी आणि भारतीय मानकांच्या पुस्तिका फार आहेत. काँक्रीटच्या बांधकामाचे आयएस ४५६ हे मानक १९६४, १९७८ आणि २००० अशा तीन आवृत्त्यांत आहे. भूकंपरोधक रचनेच्या आयएस १८९३ ची १९६६, १९७० आणि १९८४ सालची प्रत आहे. नव्या आवृत्तीने जुनी रद्द होते, तेव्हा काम करणाऱ्या अभियंत्याच्या दृष्टीने यांतली बहुतेक कालबाह्य असणार. परंतु वडिलांनी १९६६ आणि १९७० च्या प्रती एकाच पुठ्ठ्यात बांधून ठेवल्या आहेत आणि त्यामागे कारण आहे. या दोन आवृत्त्यांच्या मधे, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर आहे ही तोवरची समजूत त्या पहाटे मोडली, आणि पुढच्या आवृत्तीत देशाच्या भूकंपप्रवण विभागांचा नकाशाच नव्याने आखावा लागला. दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की एका दुर्घटनेने एक शास्त्र कसे बदलले हे माझ्यासारख्या हिशेबनिसालाही दिसते. मग ही पुस्तिका रद्दी मानायची की इतिहासाचे साधन मानायचे? आणि साधन मानली तर ती मागणारे कोण आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय, भूशास्त्राचा विभाग की इतिहास संशोधक? त्यासोबत धरणे, कालवे आणि पाणीपट्टी यांविषयीचे छापील सरकारी अहवालही शंभराच्या वर आहेत.

आजोबांच्या पुस्तकांबाबत गोंधळ वेगळा आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि १८७२ चा पुरावा कायदाही बदलला, त्यामुळे घरातील तरुण मंडळींना ती सगळी कपाटे निरुपयोगी वाटतात. आजोबा मात्र प्रामुख्याने जमिनीचे आणि वारसाचे दावे चालवत. १९४८ च्या कूळकायद्यावरील टीपांसह आवृत्त्या, हिंदू वारसा कायदा होण्यापूर्वीची, मिताक्षरा आणि व्यवहारमयूख या वारसाहक्काचे नियम सांगणाऱ्या जुन्या संस्कृत ग्रंथांवरील पुस्तके, आणि मुंबई मालिकेच्या न्यायनिवाड्यांचे चामडी पुठ्ठ्याचे साठेक खंड (मधले चार खंड नाहीत) असा तो ऐवज आहे. जमिनीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, तेव्हा जुना कायदा समजून घेण्याची गरज आजही पडत असेल असे मला वाटते. दिवाणी वकिली करणाऱ्या सभासदांनी कृपया सांगावे, की निवाडे संगणकावर शोधता येत असताना असे खंड कोणी ठेवून घेते का.

आत्याच्या पुस्तकांविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहावे लागेल. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींची जी नोंद ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तिच्या १९५८ सालच्या पुनर्मुद्रणाचे तिन्ही खंड तिच्याकडे आहेत. पुनर्मुद्रण असल्याने त्यांना दुर्मीळ म्हणता येणार नाही, आणि त्यातील अनेक शास्त्रीय नावे आता बदललेली आहेत हे तिनेच मला सांगितले. पण आमच्या प्रतीच्या समासांत तिने तीस वर्षे पेन्सिलीने नोंदी केल्या आहेत. कोणती वनस्पती यवतेश्वरच्या चढावर कोणत्या तारखेला फुललेली दिसली, कास पठारावर कोणती कोणत्या वर्षी दिसली नाही, महाबळेश्वरच्या वाटेवर गावकरी तिला काय म्हणतात, असे सर्व त्यात आहे. कासला आज पर्यटकांची रीघ लागते आणि पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीतही गेले. त्याआधीच्या, गर्दी नसलेल्या पठाराच्या या तारीखवार नोंदी आहेत. आत्या आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, तिची स्मृती उत्तम आहे आणि अक्षर लागले नाही तर ती वाचून दाखवते. ती एवढेच म्हणाली, “बाकीची पुस्तकं कुणालाही दे, पण हे तीन खंड एकमेकांपासून तोडू नकोस.” पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे आणि आघारकर संशोधन संस्थेचा वनस्पती-नमुन्यांचा संग्रह आहे. अशा ठिकाणी समासातील नोंदींचा विचार होतो का? की नमुना सोबत नसेल तर नोंदीला शास्त्रात वजन नसते? या क्षेत्रातील कोणी असल्यास मला खरे उत्तर हवे आहे, ते नकारार्थी असले तरी चालेल.

पणजोबांच्या संस्कृत पुस्तकांविषयी फारसा प्रश्न नाही. बहुतेक निर्णयसागर आणि आनंदाश्रम यांच्या आवृत्त्या आहेत आणि पुण्यातील एका पाठशाळेने त्या पाहण्याची तयारी दाखवली आहे.

यादी करण्याविषयीही मार्गदर्शन हवे आहे. पुस्तकाच्या पाठीवरचा पट्ट्यांचा संकेत (बारकोड) मोबाइलने टिपून यादी आपोआप तयार होते असे पुतण्याने सुचवले. पण त्यासाठी लागणाऱ्या आयएसबीएन या पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाची पद्धतच १९७० च्या सुमारास रुळू लागली, आणि आमची निम्म्याहून अधिक पुस्तके त्याआधीची आहेत, म्हणून हाताने लिहिण्याला पर्याय नाही. मी संगणकावर साधा तक्ता केला आहे आणि त्यात लेखक, ग्रंथनाम, प्रकाशक, गाव, वर्ष, आवृत्ती, स्थिती आणि ‘आत काय लिहिले आहे’ असे रकाने ठेवले आहेत. शेवटचा रकाना आत्याच्या खंडांमुळे सुचला. जुन्या पुस्तकांवर शालिवाहन शक असतो, तेथे मी अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन लिहितो, म्हणजे शके १८१२ ला १८९०. मूळ शकही शेजारी ठेवतो, कारण वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत छापलेल्या पुस्तकात एका वर्षाचा फरक पडू शकतो. हे बरोबर आहे ना?

वर्गीकरणासाठी ड्यूई यांच्या दशांश पद्धतीचे तीन अंक पुरतील असे वाटले होते : कायदा ३४०, वनस्पती ५८०, जलस्थापत्य ६२७. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड हाती आले तेव्हा अडलो. ते धर्माच्या २९४.५ मध्ये घालावेत की कायद्याच्या ३४० मध्ये? घरात ते कायम आजोबांच्या मेजाशेजारी असत आणि वारसाच्या दाव्यांत त्यांतले आधार ते काढत. पणजोबांच्या संस्कृत ग्रंथांजवळ ठेवले तर ते वकिलाच्या हाती पडणार नाहीत, आणि कायद्यात ठेवले तर धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला सापडणार नाहीत. ग्रंथपालांनी सांगावे, की घरगुती यादीत एकाच ग्रंथाला दोन क्रमांक दिले तर पुढे संस्थेला त्रास होतो का.

शेवटी दोन छोट्या गोष्टी. माळ्यावरच्या एका कपाटाला कसर लागली आहे आणि भिंतीची ओल त्याच्या पाठीला पोहोचली आहे. ती पुस्तके मी वेगळी काढून सावलीत उभी करून ठेवली आहेत. पिशवीत घट्ट बांधून उणे वीस अंशांच्या आसपास आठवडाभर गोठवल्यास किडे मरतात असे वाचले. घरच्या शीतकपाटाच्या वरच्या कप्प्यात हे कोणी केले आहे का? दुसरे म्हणजे, काही पुस्तकांची छायाप्रत संगणकावर ठेवावी असे वाटते. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतो, म्हणजे १९७२ साली निवर्तलेल्या काणे यांच्या ग्रंथांवर तो २०३२ अखेरपर्यंत आहे. तेव्हा ते वगळून, १९६० पूर्वी निधन झालेल्या लेखकांपासून सुरुवात करणार आहे. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचे निधनवर्षही पाहावे लागते, हे ध्यानात आहे.

भर (चार दिवसांनंतर) :

इतके प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. सर्वांचे आभार. काही जणांनी विचारलेल्या गोष्टींची उत्तरे येथेच देतो. पैशाची अपेक्षा अजिबात नाही. पुणे, कोल्हापूर आणि सांगलीपर्यंत पोहोचवण्याचा खर्च मी करीन. संग्रह एकाच ठिकाणी राहावा असा कुटुंबाचा आग्रह नाही, मात्र एका विषयाचा गठ्ठा फुटू नये असे वाटते.

एका सभासदाने मानकांविषयी जे लिहिले त्याने माझा मोठा प्रश्न सुटला. जुन्या इमारतीची किंवा पुलाची तपासणी करताना ते बांधकाम ज्या वर्षी झाले त्या वर्षीच्या मानकात काय अट होती हे पाहावे लागते, आणि जुन्या आवृत्त्या सहज मिळत नाहीत, असे ते म्हणतात. याचा अर्थ वडिलांची पुस्तके इतिहास म्हणून नव्हे, तर कामाची म्हणूनच कोणाला तरी हवी आहेत. हे वडिलांना फार आवडले असते. दंड संहितेबाबतही खुलासा मिळाला : १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या संहितेनुसारच चालणार आहेत, त्यामुळे त्या संहितेच्या टीपांसह आवृत्त्या कनिष्ठ वकिलांना अजून काही वर्षे उपयोगी पडतील. तीन तरुण वकिलांनी त्या मागितल्या आहेत आणि पुढच्या शनिवारी ते घरी येत आहेत. काणे यांच्या खंडांबाबत एका ग्रंथपाल ताईंनी सुचवले तसे केले आहे : मुख्य क्रमांक एकच ठेवला आणि दुसऱ्या वर्गात ‘तेथे पाहा’ अशी नोंद घातली.

गोठवण्याच्या उपायावर दोन परस्परविरुद्ध मते आली, म्हणून तूर्त तो थांबवला आहे.

आता दोन गोष्टी उरल्या आहेत. निवाड्यांचे साठ खंड कोणीच मागितलेले नाहीत. कोणाकडे मधले चार खंड सुटे पडून असतील तर कृपया कळवा, कारण संच पूर्ण असेल तर एक विधी महाविद्यालय विचार करायला तयार आहे. आणि आत्याच्या समासातील नोंदींविषयी अजून कोणीही उत्तर दिलेले नाही. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे बसून त्या तक्त्यात उतरवून घेत आहे. पहिल्या खंडाची एकशे चाळीस पाने झाली आहेत. वनस्पतीचे नाव, ठिकाण, तारीख आणि स्थानिक नाव यांखेरीज आणखी कोणता रकाना ठेवायला हवा, एवढे तरी कोणी जाणकाराने लवकर सांगावे. तिला विचारून भरता येईल तोवर तो भरून ठेवायचा आहे.