पाढ्यांसाठी कम्प्युटरवर फुकट गेम आहे का एखादा?

निशिगंध:
मुलगी तिसरीत आहे, पाढे ओळीने धडाधड म्हणते पण मधेच सात आठी किती विचारलं की परत सात एके सातपासून गाडी सुरू. मोबाईल द्यायचा नाहीये, घरात जुना लॅपटॉप पडलाय, नेट कधी असतं कधी नसतं. जाहिराती नसलेलं काही सुचवा प्लीज.

खडूफळा:
टक्समॅथ टाका. फुकट, ओपन सोर्स, नेट लागत नाही. वरून धूमकेतू पडतात, प्रत्येकावर एक गणित, उत्तर टाईप करून एंटर मारलं की फुटतो, नाही जमलं तर खाली पेंग्विनचं इग्लू वितळायला लागतं. गणितं उलटसुलट येतात त्यामुळे ओळीने म्हणायची सोय नाहीच. दिसायला जुनाट आहे, पण पोरांना काय त्याचं.

वाटाणे_फुटाणे:
घाईत मुलं अंदाजपंचे आकडे दाबतात हो, वेग कमी ठेवा आधी. मला जीकॉम्प्री जास्त आवडतं, केडीई नावाच्या फुकट सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटाचं आहे, तेही फुकट. २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी शंभराच्या वर खेळ, त्यातलं तराजूत वजनं टाकून दोन्ही पारडी सारखी करायचं तर मीच खेळत बसते 😄

निशिगंध:
दोन्ही टाकते. टक्समॅथमध्ये फक्त ७ आणि ८ चे पाढे निवडता येतात का?

खडूफळा:
हो, धड्यांची यादी येते, एकेका पाढ्याचा वेगळा धडा आहे. आणि किबोर्डला नंबरपॅड असेल तर तोच वापरू दे.