मारत नाही, पीत नाही, पगार घरी आणतो. मग सोडायचं कारण काय?

इंदिरानगरची
लग्नाला ११ वर्षं झाली, मुलगी ८ वर्षांची. नवरा सातपूर एमआयडीसीत नोकरीला. व्यसन नाही, हात उचलत नाही, किराणा आणि शाळेची फी वेळेवर. पण तो माझ्याशी बोलत नाही. रुसून नाही, त्याला काही बोलावंसं वाटतच नाही. फेब्रुवारीत माझ्या छातीत गाठ लागली, डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली, त्याला मेसेज केला तर दोन निळ्या टिका आल्या आणि बास. मी एकटीच गेले. बाकावर शेजारी निफाडकडच्या एक मावशी बसल्या होत्या, आत जाताना त्यांनी माझी पर्स स्वतःच्या मांडीवर घेतली आणि म्हणाल्या जा गं पोरी, मी आहे इथं. चार दिवसांनी रिपोर्ट आला, साधी गाठ. रात्री त्याला सांगितलं, तो मोजे काढत होता, म्हणाला "बरं, गिझर लावलाय का?" त्या दिवसापासून माझ्यातलं काहीतरी संपलंय. आई म्हणते अगं हात तरी उचलत नाही ना, लोकांच्या घरी काय काय असतं. मला निघावंसं वाटतंय. चुकतंय का माझं?

नाशिकरोडकर काका
ताई, राग मानू नका पण एवढ्यावर संसार मोडू नये. मी प्रेसमध्ये ३४ वर्षं नोकरी केली, आमच्या पिढीतल्या पुरुषांना बोलायचं कसं ते कुणी शिकवलंच नाही. सासूबाई गेल्या तेव्हा मी सगळी धावपळ केली, सामान आणलं, माणसं आणली-सोडली, पण हिच्याजवळ दोन मिनिटं बसलो नाही. तिने हे मला रिटायर झाल्यावर सांगितलं आणि मला खरंच धक्का बसला, कारण मला वाटत होतं मी सगळं केलं. त्याला कळत नसेल ताई. स्पष्ट सांगा, पुन्हा पुन्हा सांगा. मुलीकडे बघा.

कॉलेजरोड_९२
काका तुम्ही मनापासून लिहिलंत हे दिसतंय, पण तुमच्याच पोस्टमध्ये काकू तुमच्या रिटायरमेंटपर्यंत थांबल्या. ती वर्षं त्यांना कोण परत देणार? बाईने अजून किती वेळा सांगायचं? गाठीची तपासणी आहे म्हटल्यावर सोबत यायचं असतं हे शिकवावं लागतं का कुणाला? ऑफिसात बॉसचा चेहरा बघून मूड ओळखणारी माणसं घरी आली की त्यांना काही कळत नाही, हे मला पटत नाही.

अंबडचा शिफ्टवाला
दुसरी बाजू पण ऐका जरा. तीन शिफ्ट फिरत्या असतात, नाईट करून आलेला माणूस अर्धा मेलेला असतो, वर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होईल की नाही याचं टेन्शन. मी स्वतः दोन वर्षं असाच गप्प होतो, नंतर कळलं की ते डिप्रेशन होतं. बायकोने ओढून डॉक्टरकडे नेलं म्हणून आज माणसात आहे. ती तेव्हा सोडून गेली असती तर? ताई, त्याला आळशी किंवा निष्ठुर ठरवायच्या आधी आजारी आहे का ते बघा एकदा. सरकारचा टेली मानस नंबर आहे १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि दुर्लक्ष फक्त नवरेच करतात असं नाही हो, बायकोच्या मोबाईलसमोर बसून एकटे जेवणारे पुरुष पण आहेत.

वकील पंचवटी
कायद्याचं थोडं सांगते कारण "मारत नाही म्हणजे केस नाही" हा गैरसमज फार आहे. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १३ मध्ये क्रूरता हे घटस्फोटाचं कारण आहे आणि त्यात मानसिक क्रूरताही येते. समर घोष विरुद्ध जया घोष, २००७, यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की नुसता कोरडेपणा किंवा प्रेम नसणं म्हणजे क्रूरता नाही, पण बेफिकिरी आणि दुर्लक्ष इतक्या थराला गेलं की संसार असह्य झाला, तर ती क्रूरता ठरू शकते. म्हणजे दार बंद नाही, पण सिद्ध करणं अवघड, हे आधीच सांगते. दोघांची तयारी असेल तर १३-ब, परस्पर संमती. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं हवं, आणि एका छताखाली असूनही नवरा-बायको म्हणून राहत नसाल तर तेही वेगळं राहणंच, हे कोर्टाने मान्य केलंय. नंतरचे सहा महिने थांबायची अट २०१७ च्या निकालापासून योग्य केसमध्ये माफ होऊ शकते. फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

सिडको_मुलगा
सगळे "मुलीकडे बघा" म्हणतायत म्हणून लिहितोय. मी अशाच घरात वाढलो. आमच्याकडे भांडण कधी झालंच नाही, सोसायटीत आदर्श जोडपं. आई किचनमधून म्हणायची "बाबांना सांग पानं घेतली", बाबा चार फुटांवर बसलेले, मी जाऊन सांगायचो. मला वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच असतं. आता माझं लग्न झालंय आणि बायको रडायला लागली की मी उठून गॅलरीत जातो, काय करायचं ते कळतच नाही. शिकतोय. पण मुलगी तिथे काय बघून मोठी होतेय, तेही बघा.

एकटी पण ठीक
मी ६ वर्षांपूर्वी निघाले. पश्चात्ताप नाही, पण खोटं सांगणार नाही. भाड्याची खोली शोधताना तीन घरमालकांनी मिस्टर कुठे असतात विचारून नाही म्हटलं. पहिल्या दिवाळीला फराळ केला आणि खायला कुणी नाही, डबा तसाच राहिला. निघाल्यावर एकटेपणा जातो असं नाही. फरक एवढाच की आता कुणी शेजारी झोपलेलं असताना एकटं वाटत नाही, आणि तो एकटेपणा फार वाईट होता. ताई, आधी स्वतःच्या नावाचं बँक खातं, मुलीचा जन्मदाखला, आधार, दागिन्यांच्या पावत्या हाताशी ठेवा. मग बोला.

नाशिकरोडकर काका
सिडकोच्या मुलाचं वाचून गप्प झालो. तरी एक वाटतंच, समुपदेशन तरी करून बघा ताई.

इंदिरानगरची
केलं काका. एप्रिलमध्ये गेलो. पहिल्या दिवशी तो आला, मॅडमनी विचारलं तर म्हणाला "मला काही प्रॉब्लेम नाही, हिलाच आहे." पुढच्या वेळी आला नाही. अंबडच्या दादांचं पण डोक्यात होतं, म्हणून डॉक्टरकडे जाऊ का विचारलं, मी सोबत येते म्हटलं. मित्रांबरोबर हसतो, बहिणीशी तासभर फोनवर बोलतो, म्हणून मला ते आजारपण वाटत नाही, पण तरी विचारलं. नको म्हणाला.

काल रात्री सांगितलं की मी मुलीला घेऊन वेगळी राहणार. बराच वेळ टीव्हीकडे बघत होता. मग म्हणाला, "गॅसचं बुकिंग तुझ्या नंबरवर आहे, ते बदलून दे." रविवारी पाथर्डी फाट्याला खोली बघायला जातेय, मुलीची शाळा तिथून जवळ पडते, बहीण सोबत येतेय. वकील ताई, तुमच्याशी बोलायचं आहे. काका, काकूंना नमस्कार सांगा.