प्लिकारे: एकीकडे पोचणं, दुसरीकडे निघणं

"एक रोमान्स भाषा (म्हणजे लॅटिनपासून निघालेली) आली की बाकीच्या अंदाजाने कळतात" हे बरंचसं खरंय, पण हा अंदाज कधी कधी तोंडावर पाडतो. लॅटिन प्लिकारे म्हणजे घडी घालणं, इटालियन पिएगारे आणि फ्रेंच प्लिए अजून घड्याच घालतायत, पण स्पॅनिशमध्ये त्याचं झालं येगार म्हणजे पोचणं, पोर्तुगीज शेगारही तेच, आणि रुमानियनमध्ये आ प्लेका म्हणजे चक्क निघणं! सांगतात असं की खलाशी बंदरात पोचले की शिडं गुंडाळायचे आणि सैनिक निघताना तंबू. गोष्ट झकास आहे, पण जहाज किनाऱ्याला लावण्याला लॅटिनमध्ये आप्लिकारे म्हणायचेच की, मला तर पोचण्याचा अर्थ तिथूनच आलेला वाटतो. तंबूंचं मात्र जरा जास्तच जुळवून आणल्यासारखं वाटतं :)