पहिलीतली मुलगी शाळेत शू रोखून धरते. शाळा बदलू का?

भांडुपची आई
माझी मुलगी पहिलीत आहे. एक वाजता बसमधून उतरते आणि दार उघडलं की दप्तरासकट संडासात पळते. मला वाटलं, शाळेतले संडास घाण असतील. पालकसभेला गेले तेव्हा बघून आले, चकाचक आहेत. खोदून विचारल्यावर म्हणाली, "मध्येच विचारलं तर टीचर सगळ्यांसमोर उभं करतात." तिच्या वह्या पूर्ण असतात, अभ्यासाची तक्रार नाही. नणंद दुसरी शाळा सुचवते, तिथे वर्गात एसी आहे, स्केटिंग आहे. घराजवळ पालिकेचीही एक आहे. मूल शाळेत आनंदाने शिकतंय की नाही, हे ओळखायचं कसं?

लालबागचा बाबा
ताई, एसीचं सोडा. मधल्या सुट्टीत गेटबाहेर उभं राहून आवाज ऐका. आमच्या शाळेला मैदान नाही, गच्चीवर आळीपाळीने वर्ग सोडतात, तरी कल्ला खाली रस्त्यापर्यंत येतो. शाळा किती वाजता भरते तेही विचारा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा २०२४ चा सरकारी निर्णय आहे. आमचा आधी बसमध्येच झोपायचा.

निवृत्त बाई, विक्रोळी
पालिकेच्या मराठी शाळेत मी एकतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. तू माझ्या लेकीच्या वयाची असशील, म्हणून अगं-तुगं करते.

आधी शूचं. उद्याच जाऊन बाईंना भेट. भांडू नकोस, पण ठाम बोल. मुलाला असं चारचौघांत उभं करणं हा मानसिक त्रास आहे आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारण्याइतकीच त्यालाही बंदी आहे. माझ्या वर्गात दाराशी खिळ्याला पुठ्ठ्याची पाटी टांगलेली असायची. लागली की ती गळ्यात अडकवायची, जाऊन यायचं, परत टांगायची. विचारायचंच नाही. पहिला आठवडा निम्मा वर्ग उगाच जाऊन येतो, मग नवलाई संपते.

आता तुझा प्रश्न. मी एवढंच बघते, की मूल चुकलं तर त्या वर्गात पुढे काय होतं.

दुसरीत एकाने बावन्नातून सत्तावीस वजा केले आणि उत्तर लिहिलं पस्तीस. जवळ बसवून विचारलं, कसं केलंस रे? म्हणाला, "बाई, दोनातून सात जात नाहीत, म्हणून मी सातातून दोन घालवले." बघ, पोराने अडचण बरोबर ओळखली होती, वाट तेवढी चुकली. मी कुल्फीच्या काड्या काढल्या. दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. म्हटलं, आता मला सात दे. दोन दिल्या आणि थांबला. गठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "रबर काढू?" काढ की! बारा सुट्यांतल्या सात दिल्या, मग दोन गठ्ठे दिले आणि हातात राहिलेल्या काड्या तीनदा मोजल्या. पंचवीस. मागच्या बाकावरच्या तिघांचंही उत्तर पस्तीसच होतं. त्यांना काड्या घेऊन यानेच समजावलं, मी नुसती उभी होते. त्याच्या पहिल्या उत्तरावर फुली मारून वही परत केली असती, तर त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला कधीच कळलं नसतं.

मराठीत तर 'बावन्न' म्हणताना दोन आधी कानावर पडतो, म्हणून कितीतरी पोरं २५ लिहितात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात 'पन्नास दोन' असंही वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला ते मनापासून पटलं होतं. जोडाक्षरात अडखळणाऱ्या पोराला त्याने धरायला काहीतरी मिळतं.

वह्या पूर्ण असतात म्हणालीस. त्या नीट चाळ. कुठेच चूक, खाडाखोड नसेल तर सगळं फळ्यावरून उतरवलेलं आहे. वर्गात मुलं किती तेही विचार. कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक धरलाय. साठ मुलांत काड्या घेऊन एकाजवळ बसता येत नाही, मी तेही करून बघितलंय. आणि पालिकेची शाळा आतून बघितल्याशिवाय यादीतून काढू नकोस.

भांडुपची आई
बाई, काल भेटून आले. टीचरनी ऐकून घेतलं. वर्गात चौपन्न मुलं आहेत, बोलता बोलता त्यांचेच डोळे भरून आले. पाटी लावते म्हणाल्या. घरी येऊन वह्या काढल्या. जूनपासून एकही चूक नाही. माझ्या पोटात गोळाच आला. शनिवारी पालिकेच्या शाळेत जाते.

निवृत्त बाई, विक्रोळी
लेकीलाही ने. तू मुख्याध्यापकांशी बोलशील तोवर तिला पहिलीच्या वर्गात बसू दे, तिथल्या बाई नाही म्हणणार नाहीत. घरी येताना लगेच काही विचारू नकोस, ती आपणहून काय सांगते ते ऐक. आणि तोवर या शाळेच्या दप्तरात एक कोरडी चड्डी ठेव, तिला दाखवून ठेव.